अन्ननलिकेचा कर्करोग आणि आहार

अन्ननलिकेचा कर्करोग मुख्यतः दोन प्रकारचा असून आहाराशी असलेले त्याचे नाते प्रकारागणिक बदलते. नलिकेच्या अस्तरातील चपट्या पेशींपासून होणारा प्रकार आशिया व आफ्रिकेत अधिक आढळतो, तर जठरालगतच्या टोकाशी ग्रंथिल पेशींपासून होणारा प्रकार पाश्चात्त्य देशांत वाढला आहे. पहिल्या प्रकाराची सर्वज्ञात कारणे तंबाखू व मद्य ही होत. परंतु इराणच्या गोलेस्तान प्रांतात ही व्यसने तुलनेने कमी असूनही, आणि स्त्रियांमध्ये तर फारच थोडी असूनही, हा रोग स्त्री-पुरुष दोघांतही मोठ्या प्रमाणावर आढळत आला आहे.

तेथे सुमारे ५०,००० प्रौढांची दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. चहा किती गरम घेता, या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबून न राहता संशोधकांनी ७५ अंश सेल्सिअस तापमानाचा चहा समोर ठेवला आणि तो पाच-पाच अंशांनी निवत असताना प्रत्येकाला नेहमीचा वाटणारा टप्पा नोंदवला; या पाहणीचे वजन बऱ्याच अंशी या साध्या युक्तीत आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ६० अंश वा त्याहून गरम चहा दिवसाला ७०० मिलि. किंवा अधिक पिणाऱ्यांत, कमी गरम व कमी चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, धोका सुमारे ९० टक्क्यांनी अधिक होता. त्यापूर्वी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांवरील पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली होती. दोष पेयाकडे नसून तापमानाकडे आहे: वारंवार भाजल्याने अस्तराला इजा होत राहते, असे मानले जाते. दक्षिण अमेरिकेतील माते हे पेयही कढत घेतले तरच या वर्गात मोडते.

हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या चीनमधील लिनशियान परगण्यात संशय कुपोषणावर आणि खारवून आंबवलेल्या भाज्यांवर होता. अशा भाज्यांत नायट्रोसामाइने ही कर्करोगकारक रसायने व बुरशीजन्य विषे आढळतात. काश्मीरमधील सुकवलेल्या भाज्या व मासे यांबाबतही असाच विचार झाला आहे. लिनशियानमध्ये १९८६ ते १९९१ या काळात सुमारे ३०,००० जणांवर पूरक जीवनसत्त्वे व खनिजे यांची चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम एकत्र घेणाऱ्यांत जठराच्या कर्करोगाचे मृत्यू घटले, अन्ननलिकेच्या कर्करोगात मात्र लक्षणीय घट दिसली नाही. ताजी फळे व भाज्या भरपूर खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो हे अनेक पाहण्यांतून दिसते; तथापि अशी माणसे बहुधा सुस्थितीतील आणि कमी व्यसनी असल्याने, त्याचे श्रेय एकट्या आहाराला देताना सावधगिरी हवी.

ग्रंथिल प्रकारात आहाराचा प्रभाव प्रामुख्याने स्थूलतेच्या मार्गाने पडतो. पोटावरील चरबीमुळे जठरातील आम्ल वर येण्याचा त्रास वाढतो आणि त्यातून अस्तराचे स्वरूप पालटू शकते.

महाराष्ट्रात चहाच्या तापमानापेक्षा सुपारी, गुटखा व तंबाखू यांचा विचार आधी करावा लागतो. सुपारी आहारात गणली जात नाही. पण तंबाखूविरहित विडाही कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे.