पाच हर्ट्झचा बांध

लातूर-नांदेडकडच्या गावांत हल्ली सप्ताहाच्या मांडवात पेटीशेजारी कीबोर्डही दिसतो. गावात त्याला अजून ऑर्गनच म्हणतात. तो वाजवणारा पोरगा बहुधा लग्नाच्या ऑर्केस्ट्रातून आलेला असतो आणि त्याच्या मोबाइलमध्ये कॉर्डचा, म्हणजे एकदम दाबायच्या तीन-तीन स्वरांचा, एक तक्ता असतो. सी मेजरला ही तीन बोटं, ए मायनरला ही तीन. सगळे आकार पाठ. का, असं विचारलं तर म्हणतो, "सर, कॉर्ड इंग्रजी संगीतातली, ती पाठच करावी लागते." जुने पेटीवाले तर याच्याही पुढे जातात. त्यांच्या मते कॉर्डचा आणि आपल्या सुरांचा संबंधच नाही.

मला दोघांचंही पटत नाही. कॉर्ड थाटातून, म्हणजे राग ज्यातून निघतात त्या सात स्वरांच्या ओळीतून काढता येते, आणि तीही पाच मिनिटांत.

पेटी समोर घ्या. पांढरी एकला (इंग्रजी सी) सा धरला की बिलावल थाटाचे सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात. आता एक स्वर घ्या, पुढचा सोडा, त्याच्या पुढचा घ्या, परत एक सोडा, परत एक घ्या. सा-ग-प. रे पासून सुरुवात केली तर रे-म-ध. ग पासून ग-प-नी. सात स्वर, सात कॉर्ड.

काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून अंतर मोजा. सा पासून ग चार पट्ट्या पुढे आहे आणि ग पासून प तीन. चार-तीन असं अंतर आलं की ती मेजर. रे पासून म तीनच पट्ट्यांवर येतो आणि म पासून ध चारवर. तीन-चार आलं की मायनर. सा, म आणि प यांच्यावर मेजर तयार होते, रे, ग आणि ध यांच्यावर मायनर. नी वर मात्र तीन-तीन येतं. ती डिमिनिश्ड, कानाला कायम अधांतरी वाटणारी. हा फरक पडतो कारण थाटाच्या पायऱ्या सारख्या नाहीत: ग-म आणि नी-सा यांच्यामध्ये काळी पट्टी नाही.

थाट बदलला की कॉर्डही बदलतात. कल्याणात म तीव्र होतो, म्हणजे एक पट्टी वर चढतो, त्यामुळे रे वरची मायनर मेजर होते. भैरवात सा वर मेजर आणि लगेच शेजारच्या कोमल (एक पट्टी उतरलेल्या) रे वरही मेजर. मालकंस रागात तर प वर्ज्य. तरी मालकंसातल्या अभंगामागे कीबोर्डवाला तक्त्यातली सा ची मायनर कॉर्ड दाबतो, तिच्यात प असतो, आणि पेटीवाल्याच्या कपाळावर आठी पडते. ती आठी अगदी रास्त आहे.

कृती झाली. पण सा-ग-प एकत्र गोड का लागतात? माझा खरा जीव या प्रश्नात आहे.

सा ची आंदोलनसंख्या सेकंदाला २४०, म्हणजे २४० हर्ट्झ, धरू. आपल्या संगीताच्या पुस्तकांत हाच आकडा असतो, आणि त्याला भागही चांगले जातात. तार छेडली की ती फक्त २४० वेळा हलत नाही. ती पूर्ण लांबीनं हलते, त्याच वेळी दोन भागांत हलते, तीन भागांत, चार भागांत हलते. म्हणून एकाच स्वरात २४०, ४८०, ७२०, ९६०, १२००, १४४० अशी सगळी आंदोलनं मिसळलेली असतात. यांना स्वयंभू स्वर म्हणतात. ४८० म्हणजे तार सा. ७२० म्हणजे वरच्या सप्तकातला प, कारण प हा सा च्या दीडपट: ३६०, आणि त्याचा दुप्पट ७२०. ९६० पुन्हा सा. १२०० म्हणजे ग, कारण ग सव्वापट: ३००, त्याचा चौपट १२००. १४४० पुन्हा प. चौथा, पाचवा आणि सहावा स्वयंभू स्वर ओळीनं घेतला की सा-ग-प हाती येतं. मेजर कॉर्डचं प्रमाण ४:५:६ आहे ते यामुळे. म्हणजे एकट्या सा च्या पोटात ही कॉर्ड आधीपासून आहे.

तंबोरा नीट जुळला की त्यातून गंधार ऐकू येतो, असं गवई सांगतात. प-सा-सा-सा अशा चार तारांत ग ची तारच नाही! तो गंधार खर्जाच्या तारेचा पाचवा स्वयंभू स्वर असतो, आणि जवारीतला (तारा ज्या घोडीवर टेकतात तिथला) दोरा बरोबर जागी सरकवला की तो उठून दिसतो. मग कॉर्ड परकी कशी म्हणायची?

दोन स्वर एकत्र वाजले की त्यांचे स्वयंभू स्वरही एकत्र येतात. ते नेमके एकावर एक बसले तर कान निवांत असतो. किंचित हुकले तर आवाज लहान-मोठा, लहान-मोठा होत थरथरतो. हे विस्पंद. दोन आंदोलनसंख्यांत जेवढा फरक, तेवढे सेकंदाला विस्पंद. कर्कशपणाचं मूळ या थरथरीत आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये मांडलं. २४० आणि ३०० यांचे स्वयंभू स्वर १२०० वर तंतोतंत मिळतात, २४० आणि ३६० यांचे ७२० वर.

आता थोडं गणित. सा-ग-प म्हणजे २४०, ३००, ३६०. त्या प लाच पाया धरून ४:५:६ लावलं तर ३६०, ४५०, ५४० मिळतात: प, नी आणि वरचा रे. तो रे एक सप्तक खाली आणला की २७०. आणि ज्या कॉर्डचा शेवट वरच्या सा वर होतो ती ३२०, ४००, ४८०: म, ध, सा. सगळे आकडे ओळीत लावा. २४०, २७०, ३००, ३२०, ३६०, ४००, ४५०, ४८०. अख्खा बिलावल थाट तयार! थाटातून कॉर्ड काढायला बसलो होतो, आणि तीन कॉर्डमधून थाट निघाला.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रे ची कॉर्ड तपासून पाहा: रे-म-ध, २७०, ३२०, ४००. मायनरचं शुद्ध प्रमाण १०:१२:१५. ग-प-नी ला (३००, ३६०, ४५०) ते बसतं, ध-सा-ग लाही बसतं. रे-म-ध चं प्रमाण मात्र २७:३२:४० येतं. रे पासून ध दीडपट हवा, म्हणजे ४०५. आपल्याकडे आहे ४००. बरं, ध ४०५ केला तर रे खूश होतो, पण म-ध-सा बिघडतं. ध ४०० ठेवून रे २६६.६७ वर उतरवला तर प-नी-रे बिघडतं. पाच हर्ट्झचा हा बांध आहे. कुठंही सरकवा, कुणाच्या तरी वावरात जाणारच. ४०५ भागिले ४०० म्हणजे ८१/८०. सुतार कितीही कसबी असला तरी हे अपूर्णांकांचं दुखणं पेटीतून जात नाही.

या ८१/८० चा मराठवाड्याशी जुना संबंध आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, आजच्या दौलताबादेत, यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचे श्रीकरणाधिपती होते, म्हणजे राज्याच्या हिशोबखात्याचे प्रमुख. त्यांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सप्तकाच्या बावीस श्रुती, म्हणजे बारीक पायऱ्या, सांगितल्या आहेत आणि त्या पडताळायला बावीस-बावीस तारांच्या दोन वीणाही, एक ध्रुव (स्थिर) आणि एक चल (तारा सरकवायची). दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर असेल तर ते संवादी, म्हणजे एकमेकांशी जुळणारे. षड्जग्राम या जुन्या स्वररचनेत सा पासून प तेरा श्रुतींवर येतो, म्हणून सा-प संवादी. रे पासून प मात्र दहा श्रुतींवर, म्हणून ते जुळत नाहीत. मध्यमग्राम या दुसऱ्या रचनेत प एक श्रुती खाली उतरवतात. रे-प मध्ये नऊ होतात आणि संवाद जुळतो, पण आता सा-प मध्ये बाराच उरतात, तो तुटतो. एक जुळवला की दुसरा तुटतो. हे शार्ङ्गदेवांच्याही आधीचं, भरताच्या नाट्यशास्त्रापासूनचं. प ज्या एका श्रुतीनं उतरतो, ती आजच्या गणितात ८१/८० च्या आसपास धरतात.

यावरून कुणी लगेच "कॉर्डचा शोध देवगिरीला लागला" असा मेसेज फिरवू नये. तीन स्वर एकदम वाजवण्याची पद्धत शार्ङ्गदेवांनी सांगितलेली नाही. त्यांना खटकलेला तिढा मात्र तोच होता, आणि तो त्यांनी हर्ट्झ मोजण्याचं साधन नसताना, कानानं आणि तारांनी पकडला. एवढं मोठेपण पुरेसं आहे.

दुसरा मेसेज ४३२ हर्ट्झचा. ‘४३२ वर गाणं ऐका, शरीर विश्वाशी जुळतं, रोग बरे होतात.’ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती आंदोलनं, आणि सेकंद हा माणसानं दिवसाचे ८६,४०० भाग पाडून ठरवलेला. एक लाख भाग पाडले असते तर तोच स्वर ३७३ झाला असता. विश्वाला आपलं घड्याळ ठाऊक नाही. वाद्यं जुळवायला वापरतात तो ४४० हा आकडासुद्धा १९३९ च्या लंडन परिषदेत सोयीसाठी ठरलेला. आपल्याकडे तर सा कुठंही धरायची मोकळीक. कानाला कळतं ते दोन स्वरांमधलं प्रमाण.

तर मग पेटी बनवणाऱ्यांनी हा बांध कसा मिटवला? सगळ्यांच्याच वावरात थोडा थोडा घातला. सप्तकाचे बारा सारखे भाग केले. प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या १.०५९४६ पट. याचं नेमकं गणित चीनमध्ये झू झाईयू या राजपुत्रानं १५८४ मध्ये केलं होतं. या पद्धतीत कुठल्याही पट्टीवर सा धरा, सगळ्या कॉर्ड सारख्याच चांगल्या, किंवा सारख्याच वाईट. २४० च्या सा ला प येतो ३५९.६. त्याचा दुप्पट ७१९.२, आणि सा चा तिसरा स्वयंभू ७२०. सेकंदाला एकही विस्पंद पुरता होत नाही, चालून जातं. ग येतो ३०२.४. त्याचा चौपट १२०९.५, आणि सा चा पाचवा १२००. सेकंदाला नऊ-साडेनऊ विस्पंद! तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे टोचतंच. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, तिच्यामागे पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही या तक्रारीबरोबर ही तक्रारही होती. बंदी मला अतिरेकी वाटते, तक्रार खोटी वाटत नाही.

हे ऐकायचं असेल तर पेटीवर पांढरी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबून भाता अगदी संथ ठेवा. थरथर ऐकू येईल. मग तीन सोडून पांढरी पाच दाबा. ती जवळजवळ थांबते. पेटी बऱ्यापैकी सुरात मात्र हवी. सप्ताहाच्या धुळीत वर्षं काढलेल्या पेटीत सगळ्याच जोड्या थरथरतात.

म्हणून कीबोर्डवाल्या पोरांना माझी सूचना साधी आहे. अभंगामागे कॉर्ड लावायचीच असेल आणि रागात प असेल, तर ग काढून टाका आणि नुसतं सा-प धरा. रॉक संगीतातले गिटारवाले हेच करतात. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं) लावलं की स्वयंभू स्वर अंगावर येतात, ग चे विस्पंद सहन होत नाहीत, मग ते दोनच स्वर वाजवतात आणि त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात.