श्रेयांक हस्तांतरण (खानदेश)

एका महाविद्यालयात किंवा विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे प्रवेश घेतल्यावर पदवीत धरले जाण्याची व्यवस्था. कॉलेजच्या खिडकीवर मात्र ‘श्रेयांक’ कोणी म्हणत नाही. तिथे चालतात ते ‘क्रेडिट’ आणि ‘एबीसी आयडी’ (श्रेयांक जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन बँकेतला विद्यार्थ्याचा खाते क्रमांक). एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात साधारण १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार पूर्वी पुणे विद्यापीठाला जोडलेले होते. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. या तीन जिल्ह्यांत कॉलेज बदलणे त्यामानाने सोपे : विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम बहुधा तोच. दाखला आणि ना-हरकत पत्र मिळाले की बहुतेक काम भागते. जळगावचे मूळजी जेठा किंवा अमळनेरचे प्रताप यांसारख्या स्वायत्त महाविद्यालयांचे अभ्यासक्रम मात्र स्वतःचे असतात, तेव्हा तिथे जाता-येताना विषय ताडून पाहावे लागतात.

खरी अडचण विद्यापीठाच्या हद्दीवर येते. धुळ्याहून मालेगाव पन्नासेक किलोमीटर, पण तिथे पुणे विद्यापीठ. चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नडला गेले की मराठवाडा विद्यापीठ. बागलाण अहिराणी बोलणारे, रीतीभातीने खानदेशीच. कागदावर तेही पुण्याकडे. त्यामुळे शिरपूरची मुलगी एस.वाय.ला असताना लग्न होऊन बागलाणातल्या सटाण्याला गेली, तर तिला स्थलांतर प्रमाणपत्र काढावे लागते, नव्या विद्यापीठाची पात्रता घ्यावी लागते आणि समकक्षतेची वाट पाहावी लागते.

समकक्षता म्हणजे जुना विषय नव्या विषयाच्या तोडीचा आहे की नाही याचा निर्णय, आणि तो घेणार नवे विद्यापीठ. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे हा निर्णय आपोआप होतो, असा एक गोड गैरसमज आहे. बँक श्रेयांक जमा ठेवते, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. ते कोणत्या विषयापोटी धरायचे हे ती ठरवत नाही. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेतच निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. शेवटच्या सत्राला पुण्याला जाऊन पुण्याची पदवी, असा बेत म्हणूनच जमत नाही.

समकक्षतेत गुणपत्रिकेपेक्षा अभ्यासक्रमाची प्रत कामी येते. गुणपत्रिकेवर विषयाचे नाव आणि ‘४ श्रेयांक’ एवढेच दिसते. समोरच्या विद्यापीठात तोच विषय दोन-दोन श्रेयांकांत विभागलेला असेल किंवा मेजरऐवजी (मुख्य विषय) मायनरमध्ये (दुय्यम विषय) असेल, तर घटकवार मजकूर पाहिल्याशिवाय कोणी सही करत नाही. ही प्रत प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी गाव सोडण्याआधीच घेतलेली बरी. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्याने जुन्या आणि नव्या आराखड्यातली जुळणी हा आणखी एक पेच आहे.

दुसरा घोळ नावाचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर आधार बदललेले, पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, जुन्याच नावावर. अशा वेळी डिजिलॉकरमधल्या एबीसी खात्यात श्रेयांक दिसतच नाहीत. विद्यार्थिनीला वाटते गुण बुडाले. असतात ते जुन्या नावाखाली.

विद्याशाखेनुसार विद्यापीठ बदलते, ही गोष्टही प्रवेशाच्या धावपळीत निसटते. एकट्या धुळे शहरात कला महाविद्यालय जळगावच्या विद्यापीठाचे, कृषी महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे, वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे. एका रिक्षाभाड्याच्या अंतरावर तीन विद्यापीठे, आणि तिन्हींची पात्रतेची खिडकी वेगळी.