थुले पूर्वसूचना रडार

ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील थुले या अमेरिकी हवाई तळावरचे (२०२३ पासूनचे नाव पिटुफिक) रडार केंद्र. शत्रूचे क्षेपणास्त्र निघाल्याची वर्दी देणे आणि उपग्रहांचा माग ठेवणे ही त्याची कामे.

सोव्हिएत संघातून अमेरिकेकडे येणाऱ्या क्षेपणास्त्राची सर्वांत जवळची वाट ध्रुवप्रदेशावरून जाते, म्हणून पहारा इतक्या उत्तरेला बसला. थुले १९६० मध्ये सुरू झाले. पुढे अलास्कातील क्लिअर आणि इंग्लंडमधील फायलिंगडेल्स (१९६३) ही केंद्रे जोडली गेली. एवढे करून हाती लागणारा अवधी जेमतेम १५ मिनिटांचा.

थुलेचे चार अँटेना जागचे हलत नसत. प्रत्येक सुमारे ५० मीटर उंच आणि १२० मीटर रुंद, म्हणजे लोखंडी जाळीची भिंतच. त्यांतून रेडिओलहरींचे दोन पंखे आकाशात पसरत, एक खाली, एक वर. वस्तू आधी खालचा पंखा ओलांडी, मग वरचा. या दोन नोंदींवरून तिचा वेग आणि पडण्याची जागा संगणक काढी.

वस्तूवर आदळून परतणाऱ्या लहरीचा प्रतिध्वनी पकडणे जमले, तरी तो कशाचा हे ओळखणे त्याहून अवघड निघाले. ५ ऑक्टोबर १९६० रोजी, केंद्र सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना, मोठ्या हल्ल्याचा इशारा आला. प्रत्यक्षात नॉर्वेच्या बाजूला चंद्र उगवत होता. ५,००० किमीवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी सेकंदाच्या तिसाव्या भागात परततो. चंद्राचा यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. तोवर रडारमधून लहरींचे नवे स्पंद सुटलेले असत, आणि उशिरा आलेला प्रतिध्वनी त्यांच्याच खाती जमा होऊन वस्तू जवळ असल्याचे भासे. त्या वेळी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह न्यूयॉर्कमध्येच होते, तेव्हा हल्ला होईलच कसा, ही शंका अधिकाऱ्यांना वेळेवर आली हे जगाचे भाग्य. पुढे चंद्राचे प्रतिध्वनी वगळण्याची सोय झाली.

या तळाची किंमत स्थानिक इनुग्वित लोकांनी मोजली, आणि थुलेची कोणतीही नोंद त्यांच्याविना अपुरी आहे. १९५३ मध्ये त्यांना घरे सोडून उत्तरेला कानाक येथे जावे लागले. डेन्मार्कच्या न्यायालयाने ही सक्ती बेकायदा ठरवली, पण १९९९ मध्ये.

१९८७ मध्ये जुन्या अँटेनांची जागा दोन तोंडांच्या फेज्ड अ‍ॅरे रडारने घेतली. यात हजारो लहान घटकांच्या लहरी किंचित मागेपुढे सोडून झोत वळवला जातो. त्यामुळे क्षेपणास्त्रांची वाट पाहत असतानाच माथ्यावरून जाणारे उपग्रह आणि निकामी अवकाश-कचरा यांच्या कक्षा हेच रडार टिपत राहते.