सही चालते आहे तोवर: ज्येष्ठ पक्षकारांसाठी माहिती

मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की काळजी मिटली, असं पुष्कळांना वाटतं. मिटत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे ते देणारी व्यक्ती मनाने सक्षम राहिली नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. पाय मोडला, परगावी राहावं लागलं, तर ते कामाचं. स्मृतिभ्रंशात मात्र ऐन गरजेला निकामी, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी घरच्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. निदान रोजचा खर्च अडू नये म्हणून बँक खातं जोडीदारासोबत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही एकट्याने चालवू शकेल असं) करून घ्या. नुसता हात थरथरत असेल तर घाबरू नका: दोन साक्षीदारांसमोर (पैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी) अंगठा चालतो.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार हवेतच, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. ‘कागद ठेवा, उद्या येऊन करतो’ इथे घोळ होतो. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि मिळकतीत वाटा नसलेले निवडा. वाद झाला तर कोर्टात त्यांनाच उभं राहावं लागतं. खाडाखोड झाली तर तिथे तुमची व दोघांचीही सही लागते. आम्ही सरळ पानच बदलतो. तुम्ही मनाने सक्षम असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र मृत्युपत्राच्याच तारखेचं घ्या, जुनं असलं की उलटतपासणीत नेमकं त्यावर बोट ठेवलं जातं. (मुस्लिम पक्षकारांना नियम वेगळे आहेत, आधी विचारा.)

नॉमिनी म्हणजे बहुतेक वेळा रक्कम ताब्यात घेणारा; मालक वारसच.

घर हयातीतच मुलांना बक्षीस द्यावं का? आमचं मत, शक्यतो नको. दिलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून रद्द होत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं, पण सांभाळाच्या अटीवर दिलं होतं हे दिसावं लागतं. म्हणून ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढ्यावर थांबू नका. जेवणखाण, औषधपाणी, तहहयात राहण्याचा हक्क, सगळं दस्तातच लिहा.

शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे लिहून ठेवायला २०२३ पासून दंडाधिकारी लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

आणि मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर कोणी उघडायचा, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं.