दाट लाव्हा प्रवाह

दाट लाव्हा प्रवाह : सिलिकेचे (सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या संयुगाचे) प्रमाण जास्त असल्याने अतिशय चिकट झालेल्या शिलारसाचे, म्हणजे वितळलेल्या खडकाचे, जाड, आखूड आणि संथ प्रवाह. रायोलाइट व डेसाइट या खडकांचे प्रवाह यात मोडतात; अँडेसाइटाचे काही प्रवाहही याच जातीचे. लालभडक लाव्ह्याची नदी इथे दिसत नाही. समोर असतो तो दगडांचा काळा-करडा बांध, आणि तो सरकतो आहे याची खात्री पटायला खूण करून दुसऱ्या दिवशी परत यावे लागते.

चिकटपणाचे मूळ अणूंच्या जोडणीत आहे. सिलिकॉनचा एक अणू ऑक्सिजनच्या चार अणूंना धरून ठेवतो आणि असे गट एकमेकांत गुंतून जाळे तयार होते. बेसाल्टात सिलिका सुमारे ५० टक्के, रायोलाइटात ७० टक्क्यांहून अधिक. म्हणून रायोलाइटातले जाळे फार दाट. त्यात भर तापमानाची : बेसाल्ट ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो, तर रायोलाइट साधारण ७०० ते ९०० अंशांना. परिणामी रायोलाइटाची श्यानता (चिकटपणा) बेसाल्टाच्या दहा लाख ते काही कोटी पट भरते. खोलवर असताना शिलारसात विरघळलेले पाणी हे जाळे जागोजागी तोडत असते. वर येताना दाब कमी होतो, पाणी वाफ होऊन निसटते आणि जाळे पुन्हा जुळते. म्हणजे हा शिलारस थंड होण्याआधीच, निव्वळ वाफ गमावल्याने घट्ट होऊ लागतो.

त्याच वाफेवर उद्रेकाचे स्वरूपही ठरते. शिलारस वेगाने चढला तर बुडबुडे आतच कोंडतात, फुगतात आणि सारे फुटून राख व पमिस (बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला हलका दगड) उडते. चढण सावकाश असेल, तर बुडबुडे एकमेकांना जोडले जाऊन आणि ज्वालामुखीच्या नळीच्या कडेच्या भेगांतून वाफ झिरपून जाते. वाफ गमावून उरलेला लाव्हा मुकाट्याने बाहेर सरकतो. आधी स्फोट, मग लाव्हा, असा क्रम पूर्वी पक्का धरला जाई. चिलीतील कोर्दोन काउये या ज्वालामुखीवर जून २०११ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकाने त्याला धक्का दिला : एकाच मुखातून राखेचे लोट उठत होते आणि रायोलाइटही वाहत होता. रायोलाइटाचा प्रवाह वाहताना इतक्या जवळून अभ्यासण्याची ही पहिलीच संधी होती. तोवरचे बहुतेक ज्ञान थिजलेल्या प्रवाहांवरून बांधलेले होते.

प्रवाहाची चाल टोकाशी उभे राहून पाहण्यासारखी असते. दहा-वीस मीटर उंचीच्या उतारावर ठोकळे रचलेले असतात. मध्येच एखादा सुटतो, काच फुटल्यासारखा आवाज करत गडगडतो, आणि तो जिथून निघाला तिथे क्षणभर आतली लाली दिसते. खाली पडलेल्या ढिगावरून मागचा लाव्हा पुढे येतो व ढीग स्वतःखाली घेतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. वेग अनेकदा दिवसाला काही मीटरच असतो. वरचे कवच मात्र उष्णतेला इतके चांगले अडवते की गाभा महिनोन् महिने मऊ राहतो. कोर्दोन काउये येथे मुखातून येणारा लाव्हा २०१२ मध्ये थांबला, तरी प्रवाहाची टोके २०१३ मध्येही पुढे सरकत होती. कवचाला जिथे चीर पडेल तिथून नवे फाटे फुटत होते. कडेला व तळाशी झटपट निवालेला भाग ऑब्सिडियनची काच होतो, आत सावकाश थंडावलेला भाग स्फटिकमय होतो.

लाव्हा आणखी घट्ट असेल तर तो वाहतच नाही, मुखावर साचून घुमट बनतो. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावरच्या माँ पले ज्वालामुखीवर १९०२-०३ मध्ये तर त्याचा ताठ सुळका सुमारे ३०० मीटर वर सरकला आणि पुढे ढासळला. जपानमधील शोवा-शिन्झान हा घुमट १९४३ ते १९४५ दरम्यान गव्हाच्या शेतातून वर आला. युद्धामुळे शास्त्रज्ञांचे लक्ष दुसरीकडे होते. नोंद ठेवली ती मासाओ मिमात्सु या पोस्टमास्तरांनी. टपाल कचेरीमागे आडवे दोरे ताणून, डोळा एका जागी स्थिर ठेवून ते डोंगराची वाढती रूपरेषा रेखाटत गेले. इतक्या साध्या साधनांनी केलेले इतके उपयुक्त काम ज्वालामुखीशास्त्रात विरळाच.

मंद चालीमुळे अशा लाव्ह्यापासून पळून जाणे सोपे असते. धोका तो कोसळण्यात आहे. तीव्र उतारावरचा घुमट किंवा प्रवाहाचे टोक तुटले की तप्त ठोकळे, राख व वायू यांचा लोंढा वाऱ्याच्या वेगाने खाली येतो. जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर ३ जून १९९१ रोजी अशाच लोंढ्यात ४३ जणांचा बळी गेला. त्यांत मोरिस व कातिया क्राफ्ट हे ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्यही होते.

जुन्या प्रवाहांच्या पाठीवर चालीला आडव्या, धनुष्याकृती वळ्या दिसतात. पुढचा भाग अडला की मागून रेटलेले कवच दुमडते, त्या दुमडीच या वळ्या. दोन वळ्यांमधील अंतरावरून कवचाची जाडी व श्यानता यांचा अंदाज बांधता येतो. उत्तर चिलीतील चाओ हा डेसाइट प्रवाह सुमारे १४ किलोमीटर लांब असून त्याचे टोक जवळपास ४०० मीटर उंच आहे. तो वाहताना कोणी पाहिलेला नाही, पण त्याच्या वळ्या उपग्रहाच्या छायाचित्रांतही स्पष्ट मोजता येतात.