रिकाम्या हाताची तालीम

दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटर रुंद असतं. मोठ्या माणसाच्या तळव्यात ते नेमकं बसतं. एका कडेला अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा, दुसऱ्या कडेला करंगळीखालचा, आणि दोघांच्या मधे नाणं. जमलं की हात पालथा केला तरी ते पडत नाही. जादूगार याला ‘पाम करणं’ म्हणतात. मला ते जमायला तीन आठवडे लागले. सुरुवातीला नाणं धरलं की पंजा ताठरायचा, बोटं खिळे ठोकल्यासारखी उभी राहायची. नाणं दिसत नसलं तरी हा हात काहीतरी लपवतोय हे लांबूनही कळायचं. मग मी नाणं तळव्यात ठेवूनच दिवस काढू लागलो. त्याच हातानं चहाचा कप उचलायचा, वर्तमानपत्र उलटायचं, मेथी निवडायची. हळूहळू पंजा सैल पडला आणि हातात काही आहे हे माझं मलाच आठवेनासं झालं.

तेव्हा भाचीला खेळ दाखवला. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात दिल्यासारखं केलं, डावी मूठ मिटली, फुंकर मारली, मूठ उघडली. नऊ वर्षांची ती पोर शांतपणे म्हणाली, “मामा, नाणं या हातात आलंच नव्हतं.” नाणं लपलेल्या उजव्या हाताकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती बोट दाखवत होती माझ्या डाव्या, रिकाम्या मुठीकडे.

तिचं बरोबर होतं. लपवणाऱ्या हाताला मी तीन आठवडे दिले होते, रिकाम्या हाताला एक दिवसही नाही. नाण्यांचे आणि पत्त्यांचे खेळ शिकणारे बहुतेक जण इथेच अडतात असं मला आता वाटतं. रिकामा हात पकडला का जातो, याचं उत्तर प्रयोगशाळेतून मिळालेलं आहे.

टेबलावरची वाटी उचलायला हात पुढे करा आणि स्वतःच्या बोटांकडे नीट पाहा. वाटीपाशी पोचण्याच्या बऱ्याच आधी अंगठा आणि बोटं फाकतात, वाटीच्या रुंदीपेक्षा थोडी जास्तच, आणि शेवटच्या टप्प्यात मिटत येतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मार्क जानरो यांनी 1980च्या दशकात या हालचालीचं बारीक मोजमाप केलं. वस्तू मोठी असेल तर बोटं जास्त फाकतात, लहान असेल तर कमी. हा हिशेब आपण जाणूनबुजून करत नाही. डोळ्यांकडून माहिती येते आणि हात परस्पर तयार होतो.

आता वाटी बाजूला ठेवा आणि ती तिथेच आहे असं मानून उचलल्याचं नाटक करा. बोटं कमी फाकतात, हात संथ होतो, हालचाल ठोकळेबाज होते. का? मेंदूशास्त्रज्ञ मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांच्या मांडणीनुसार डोळ्यांनी टिपलेली माहिती मेंदूत दोन वाटांनी जाते. एक वाट ‘हे काय आहे’ ते ओळखते, दुसरी हाताला ‘हे कसं धरायचं’ ते सांगते. विषारी वायूमुळे मेंदूला इजा झालेल्या एका स्त्रीवर त्यांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. तिला समोरची फट आडवी आहे की तिरकी, हे सांगता येत नसे. पण हातात कार्ड देऊन ‘फटीत टाक’ म्हटलं की हात आपोआप योग्य कोनात वळे आणि कार्ड आत जाई. खरी वस्तू धरताना ही दुसरी वाट काम करते. नाटक करताना मात्र आपल्याला पहिल्या वाटेवरच्या आठवणीतून हालचाल उभी करावी लागते, आणि ती नक्कल बघणाऱ्याला कुठेतरी खटकते. माझ्या भाचीला खटकलं ते हेच.

मग जादूगारांचा रिकामा हात इतका खरा कसा वाटतो? 2011 साली मिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट जादूगारांनाच प्रयोगशाळेत बसवलं आणि त्यांच्या बोटांच्या हालचाली टिपल्या. समोर एक वस्तू होती. ती एकदा खरोखर उचलायची आणि एकदा तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवरून उचलल्याचं नाटक करायचं. सामान्य माणसांच्या नाटकात नेहमीचा खोटेपणा आला. जादूगारांचं नाटक मात्र खऱ्या पकडीच्या फार जवळ गेलं. यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वस्तू नजरेआड केली, निव्वळ कल्पनेवर भिस्त ठेवायला लावली, तेव्हा जादूगारही इतरांसारखेच निघाले. म्हणजे त्यांची कल्पनाशक्ती अचाट असते असं नाही. समोर दिसणाऱ्या वस्तूचं माप घेऊन ते शेजारच्या हवेला लावायची सवय त्यांच्या हातानं कमावलेली असते.

शिकणाऱ्यासाठी यातून काय घ्यायचं? मी घेतलं ते असं: खोट्या देण्याचा सराव एकट्यानं करायचा नाही, तो खऱ्या देण्याच्या पोटात बसवायचा. नऊ वेळा नाणं खरोखर डाव्या हातात द्यायचं आणि ते देताना डाव्या हाताकडे नीट पाहायचं. नाणं टेकतं तेव्हा तळवा किंचित दबतो, बोटं एकदम न मिटता करंगळीकडून मिटत येतात, मूठ जराशी खाली जाते. दहाव्या वेळी नाणं उजवीकडेच ठेवायचं आणि बाकी सगळं जसंच्या तसं करायचं. आरशापेक्षा मोबाइलवर चित्रण करून पाहणं बरं. आरशासमोर नेमक्या चोरट्या क्षणी आपलीच पापणी मिटते आणि चूक दिसतच नाही.

जादूच्या अभ्यासाला कॅमेरा जुंपण्याची कल्पना नवी नाही. आल्फ्रेड बिने हे नाव बुद्धिमापन चाचणीमुळे माहीत असतं. त्या चाचणीच्या आधी, 1894 साली, बिने यांनी हातचलाखीच्या मानसशास्त्रावर लेख लिहिला होता आणि त्यासाठी जादूगारांच्या हातांची लागोपाठ छायाचित्रं घेतली गेली होती. एकेक चित्र सुटं पाहिलं की भ्रम उरत नाही. तो हालचालींच्या ओघात असतो.

हातानंतर नजर. गुस्ताव कुन आणि मायकल लँड यांनी 2006 मध्ये एक जुना खेळ तपासला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो, तिसऱ्यांदा फक्त उडवल्यासारखं करतो, चेंडू हातातच राहतो. तिसऱ्या वेळी त्यानं नजर वर नेली, तेव्हा 68 टक्के प्रेक्षकांनी चेंडू वर जाऊन नाहीसा झालेला ‘पाहिला’. नजर हातावरच ठेवली, तेव्हा हे प्रमाण 32 टक्क्यांवर आलं. प्रेक्षकांचे डोळे कुठे वळतात हेही यंत्रानं टिपलं होतं. ज्यांनी चेंडू वर पाहिल्याचं सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांचे डोळे तिथे वर गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे पाहत होते. डोळे फसले नाहीत, तरी मेंदूनं चेंडू पाहिला! डोळ्यांतून आलेल्या संकेतावर प्रक्रिया व्हायला सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात जग पुढे सरकलेलं असतं, म्हणून मेंदू पुढच्या क्षणाचा अंदाज बांधूनच ठेवतो. समोरच्या माणसाची नजर हा त्या अंदाजाचा मोठा आधार असतो.

म्हणून नाणं ‘दिल्यावर’ आपण स्वतः रिकाम्या मुठीकडे पाहायचं, आणि मनापासून पाहायचं. चोर नजर उजवीकडे गेली की खेळ संपला.

पत्त्यांचा मामला वेगळा. तिथे गणितही येतं: 52 पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत फडफडवत मिसळला, तर तो पुरेसा विस्कटायला असे सात फेरे लागतात, हे गणितज्ञ डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी 1992 मध्ये दाखवलं. पण रिकाम्या हाताच्या सगळ्यात जवळ जातो तो स्वीडनमधला 2005चा प्रयोग. पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकारी लोकांना दोन चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवत आणि जास्त आवडलेलं निवडायला सांगत. मग पत्त्यातल्या हातचलाखीनं नाकारलेलंच छायाचित्र त्यांच्या हाती देत आणि विचारत, हे का निवडलं? अदलाबदल तिथल्या तिथे पकडली गेली ती जेमतेम 13 टक्के वेळा. बाकीचे न निवडलेल्या चेहऱ्याचं कौतुक कारणांसकट करत राहिले.

रिकाम्या हाताच्या जोरावर आपल्याकडे कितीतरी बाबा-बुवांनी हवेतून विभूती काढली आहे. विभूतीची घट्ट दाबलेली गोळी अंगठ्याच्या बेचक्यात ठेवायची, हात उघडा असल्यासारखा फिरवायचा आणि गोळी चुरडायची. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून हाच प्रयोग करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती उलगडतात. महाराष्ट्रात 2013 पासून असा ‘चमत्कार’ करून लोकांना ठकवणं हा कायद्यानं गुन्हा आहे. तीच गोळी, तोच तळवा. पण एक जण भक्ताला गप्प करतो, तर दुसरा विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला लावतो. हातचलाखी शिकणाऱ्यानं यातली कुठली बाजू आपली, हे पहिल्याच दिवशी ठरवावं असं मला कळकळीनं वाटतं.

आईच्या पेटीत एक जुना चांदीचा रुपया आहे. त्याचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. सध्या माझा सराव त्यावर चालतो. जड नाण्यामुळे डावा तळवा किती दबतो ते स्पष्ट जाणवतं, आणि मग ते रिकाम्या हातात उतरवणं सोपं जातं. भाचीही शिकते आहे. तिचा तळवा लहान, म्हणून तिला एक रुपयाचं नाणं दिलंय. पाम करणं मी तिला अजून शिकवलेलं नाही. ती आधी रिकामी मूठ मिटायला शिकते आहे: नऊ खऱ्या, एक खोटी, आणि खोटी कुठली ते मी ओळखायचं. काल तिनं पाच फेऱ्या घेतल्या. दोनदा मला ओळखता आली नाही.