सहाध्यायी अभिप्राय (लेखनविषयक)

सहाध्यायी अभिप्राय : विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध, कथा, पत्र किंवा वृत्तान्त त्याच्याच वर्गातील दुसऱ्या विद्यार्थ्याने वाचून, पुढील लेखनास उपयोगी पडेल असे मत त्याला सांगण्याची अध्यापनपद्धती. तपासणीहून ती निराळी आहे. तपासणी पुऱ्या झालेल्या लेखनाची प्रत ठरवते. अभिप्राय मात्र कच्च्या खर्ड्यावर दिला जातो आणि लेखक तो पुन्हा लिहिणार आहे, हे त्यात गृहीत असते. पुनर्लेखनासाठी तास राखून ठेवला नसेल, तर समासात लिहिलेले उत्तम शेरेही वाया जातात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापन यांचाही समावेश सुचवला आहे. तथापि अभिप्रायाला गुण जोडले की मुले मैत्री सांभाळू लागतात, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्ट.

अभिप्रायाचे मोल त्याच्या नेमकेपणात असते. ठाण्यातील एखाद्या मुलाने तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर, निबंध लिहिला आणि त्यात ‘संध्याकाळी तेथे खूप छान वाटते’ असे वाक्य आले, तर ‘निबंध आवडला’ या शेऱ्याने त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘कोपिनेश्वर मंदिराकडून तू मासुंदा तलावापाशी येतोस तोवर मला सगळे दिसत होते, “खूप छान वाटते” येथे दिसायचे थांबले. तेथे तू काय पाहिलेस?’ असे विचारले, तर लेखकाला कोठे आणि काय लिहायचे ते उमगते. चूक-बरोबर ठरवण्याइतके ज्ञान वाचणाऱ्या मुलाकडे असेलच असे नाही. पण आपण कोठे रमलो आणि कोठे अडखळलो, हे त्याच्याइतक्या अधिकाराने शिक्षकही सांगू शकत नाहीत, आणि या पद्धतीचे खरे बळ तेच आहे. सूचना स्वीकारायची की नाही, हे लेखकच ठरवतो.

मुलांचा ओढा प्रथम ऱ्हस्व-दीर्घाकडे जातो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम राज्य शासनाने 1962 मध्ये मान्य केले आणि शालेय लेखनात ते पाळले पाहिजेत. परंतु जो परिच्छेद पुढच्या खर्ड्यात गळण्याचा संभव आहे, त्यातील वेलांट्या आधी दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. आशय व क्रम आधी, शुद्धलेखन शेवटी.

नवी मुंबईत या कामाला आणखी एक पदर आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना 1970 मध्ये झाली, त्याआधीपासून येथे आगरी-कोळी गावे आहेत. पुढे सातारा-सांगलीकडील माथाडी कुटुंबेही कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली परिसरात स्थिरावली. त्यामुळे एकाच बाकावर दोन बोली शेजारी बसतात. आगरीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. कथेतील आजी ‘मना पानी दे’ म्हणत असेल आणि शेजारच्या मुलाने ते ‘मला पाणी दे’ असे केले, तर वाक्य प्रमाण होते, पण आजी कथेतून निघून जाते. हेच रूप मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जात आले असेल, तर ते जरूर दाखवावे. संवादातील बोली आणि निवेदनातील अनवधान यांत फरक करणे मुलांना अवघड जाते; म्हणून अशा शब्दाखाली केवळ रेघ ओढून ‘हे कोण बोलते आहे?’ एवढेच लेखकाला विचारावे.